नडगीच्या अस्थिभंगावरील खिळा-शस्त्रक्रियेचा इतिहास : ब्रह्मपुरी व गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा आणि शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक वर्षी अमुक शास्त्रज्ञाने अमुक उपचार शोधून काढला आणि मानवजातीचे दुःख हलके झाले, अशी त्याची मांडणी असते. या मांडणीत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. शोध लागणे आणि तो रुग्णापर्यंत पोहोचणे यांत जो काळ जातो, त्या काळाचा इतिहास कोणता? मोडलेल्या नडगीच्या हाडात पोलादी खिळा बसवून ते सांधण्याची शस्त्रक्रिया हे या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक उत्तम उदाहरण आहे. हाडाच्या पोकळीत धातूचा खिळा बसविण्याचे आधुनिक तंत्र १९३९ मध्ये जर्मनीत सिद्ध झाले. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील धान पिकविणाऱ्या आणि जंगलावर जगणाऱ्या माणसाला ते सहजी उपलब्ध होण्यास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला. हा विलंब केवळ अज्ञानामुळे अथवा अंधश्रद्धेमुळे झाला, असे मानण्याची प्रथा आहे. ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ब्रह्मपुरी हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. ब्रिटिश अमदानीतील चांदा जिल्ह्यातही ते तहसिलीचे गाव होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा ब्रह्मपुरी चंद्रपुरात राहिली आणि वैनगंगेपलीकडील वडसा, आरमोरी, कुरखेडा हा भाग गडचिरोलीत गेला. जिल्ह्याची सीमा बदलली तरी रुग्णांची वाट बदलली नाही. शिक्षण आणि औषधोपचार यांसाठी झाडीपट्टीतील माणूस ब्रह्मपुरीकडेच येत राहिला. त्यामुळे या विषयाची स्थानिक बाजू तपासण्यास हे गाव सोयीचे आहे.

नडगीच्या हाडाचे वेगळेपण

शरीरातील लांब हाडांत नडगीचे हाड, म्हणजेच जंघास्थी, सर्वांत अधिक उघड्यावर असलेले हाड होय. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंचे जाड आवरण असते. नडगीच्या पुढील व आतील बाजूस मात्र हाड आणि कातडी यांमध्ये जवळपास काहीच नसते. साहजिकच हे हाड मोडताना त्याचे टोक कातडी फाडून बाहेर येण्याचा संभव मोठा असतो. शिवाय त्याच्या खालच्या तृतीयांश भागास रक्तपुरवठा बेताचाच असल्याने तेथील भंग सावकाश जुळतो आणि कधी कधी जुळतच नाही. पायाचे स्नायू ताठर आवरणांच्या कप्प्यांत बंदिस्त असतात. मार बसल्यावर आत सूज चढली, अथवा वरून पट्टी करकचून बांधली, तर त्या कप्प्यातील दाब वाढतो, रक्तप्रवाह थांबतो आणि पाय सडू लागतो.

उघडी जखम, उशिरा जुळणी आणि आतील दाब या तीन संकटांवर मात करण्याच्या प्रयत्नांतूनच नडगीच्या उपचारांचा इतिहास घडला आहे. या प्रदेशातील जीवनपद्धती या संकटांना पोषकच म्हणावी लागेल. मोहाच्या वा ताडाच्या झाडावरून पडणे, बैलबंडीखाली पाय येणे, बांबू वा लाकूड तोडताना ओंडका अंगावर येणे, निसरड्या बांधावरून घसरणे ही अस्थिभंगाची जुनी कारणे होत. अलीकडे त्यांत दुचाकीच्या अपघातांची मोठी भर पडली आहे. यांपैकी बहुतेक आघात गुडघ्याखालीच बसतात.

सुश्रुतसंहितेतील ‘कील’

अस्थिभंगाच्या भारतीय चिकित्सेचा विचार सुश्रुतसंहितेपासून करावा लागतो. या ग्रंथाच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात उपचारांचे विवेचन येते. हाड ओढून सरळ करावे, दाबून जागेवर बसवावे आणि मग झाडांच्या साली व बांबूच्या पट्ट्या लावून बांधावे, असा त्यातील क्रम आहे. या पट्ट्यांना ‘कुश’ अशी संज्ञा असून त्यांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड आणि बांबू यांचा उल्लेख येतो. ही सर्व झाडे आजही ब्रह्मपुरीच्या परिसरातील आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

याच अध्यायात मांडी अथवा नडगी मोडलेल्या रुग्णासाठी ‘कपाटशयन’ सांगितले आहे. रुग्णास फळीवर निजवावे आणि पाय हलू नये म्हणून सांध्यांच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन व तळपायाशी एक असे पाच ‘कील’, म्हणजे खुंट, ठोकावेत, अशी ती योजना आहे. या शब्दाच्या आधारे हाडात खिळा बसविण्याची शस्त्रक्रिया प्राचीन भारतात होत होती, असा दावा अधूनमधून केला जातो. मूळ वर्णन पाहता तो टिकत नाही. सुश्रुताचे कील फळीत रोवलेले आहेत, हाडात नव्हेत. ते बाहेरून पायाला स्थिर करतात. आधुनिक खिळ्याचा मोठा भाग जर्मनीतील ज्या शहरात घडला, त्याचे नाव मराठीत ‘कील’ असेच लिहिले जाते, हाही केवळ ध्वनिसाम्याचा योगायोग होय.

सुश्रुताचे खरे मोठेपण अन्यत्र आहे. पट्टी सैल असेल तर भंग स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पू उत्पन्न होतो, म्हणून ती बेताची असावी, असे त्याने बजावले आहे. ती किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी याचा ऋतुमानानुसार नियमही दिला आहे. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. आतील दाबाच्या संकटाची जाणीव यात स्पष्ट दिसते. बाह्य आधाराची मर्यादा ओळखून तो काळजीपूर्वक वापरणारे हे शास्त्र होते. त्याला नसलेल्या शस्त्रक्रियेचे श्रेय देणे म्हणजे असलेल्या निरीक्षणाकडे दुर्लक्ष करणे होय.

झाडीपट्टीतील हाडवैद

हाड बसविण्याची लोकपरंपरा खेडोपाडी टिकून राहिली. तिचा सुश्रुतसंहितेशी थेट वारसासंबंध जोडण्यास पुरेसा आधार नाही. तथापि साधने पुष्कळशी तीच आहेत. बांबूच्या चिरफळ्या, झाडाची साल, वनस्पतींचा लेप आणि कापडाची पट्टी यांनी हाडवैद आपले काम करीत आला. कांडवेल ही वनस्पती तर हाडसांधी या नावानेच ओळखली जाते.

या परंपरेचे मूल्यमापन करताना दोन टोकांच्या भूमिका घेतल्या जातात. एका भूमिकेनुसार ती निव्वळ अडाणीपणा, तर दुसरीनुसार ती आधुनिक शास्त्राहून श्रेष्ठ ठरते. वस्तुस्थिती अशी की, कातडी न फाटलेला आणि हाड फारसे न सरकलेला भंग साध्या आधारानेही जुळतो. अशा भंगात हाडवैदाला यश येते आणि त्याची कीर्ती त्या यशावर उभी राहते. उघड्या जखमेवर लावलेला लेप जंतूंना वाट करून देतो आणि सुजलेल्या पायावरील घट्ट चिरफळ्या पाय गमावण्यास कारणीभूत होतात. अशा वेळी हाडवैदाकडे उपाय नसतो. परंतु जवळपास दुसरा उपाय उपलब्ध नसताना माणूस त्याच्याकडे जातो, हा श्रद्धेपेक्षा अंतराचा परिणाम होय. हाडवैद गावातच असतो, धान्यावर अथवा उधारीवरही काम करतो आणि रुग्णाला घरापासून तोडत नाही.

ग्लासगो ते कील

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्थिती फार वेगळी नव्हती. नडगीचा उघडा भंग झाला की पाय कापणे हाच जीव वाचविण्याचा मार्ग समजला जाई. १८५२ मध्ये मथायसेन या डच लष्करी शल्यवैद्याने प्लॅस्टरच्या पट्टीची माहिती प्रसिद्ध केल्याने बाह्य आधार भक्कम झाला, मात्र जंतुसंसर्गाचा प्रश्न कायम होता. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो येथे जेम्स ग्रीनलीस हा अकरा वर्षांचा मुलगा जोसेफ लिस्टर यांच्याकडे आला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्याच्या नडगीचा उघडा भंग झाला होता. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लाचा उपयोग केला आणि सहा आठवड्यांत पाय बरा झाला. जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या इतिहासातील हे गाजलेले उदाहरण नडगीचेच आहे. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यावर मोडलेले हाड न कापता पाहता येऊ लागले.

हाडाच्या पोकळीत आधार घालण्याची कल्पना त्याही पूर्वीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही युरोपीय शल्यवैद्यांनी हस्तिदंती खुंट्या वापरल्या. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या हे ग्रोव्हज यांनी धातूच्या कांड्या घालून पाहिल्या, परंतु जंतुसंसर्गामुळे ते प्रयोग मागे पडले. अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या भंगासाठी तीन पात्यांचा खिळा प्रचारात आणला. या यशातून प्रेरणा घेऊन कील येथील गेऱ्हार्ड क्युंट्शर यांनी एर्न्स्ट पोल या तंत्रज्ञाच्या साहाय्याने पोलादी खिळा तयार केला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये मांडीच्या हाडात तो बसविला. १९४० मध्ये बर्लिन येथे त्यांनी हे तंत्र मांडले तेव्हा स्वागतापेक्षा विरोधच अधिक झाला. हाडाचा मगज नष्ट केल्यास ते जुळणार कसे, हा आक्षेपकांचा मुख्य मुद्दा होता.

क्युंट्शर यांची दृष्टी दोन बाबतींत नवी होती. पहिली म्हणजे खिळा भंगाच्या जागेपासून दूर, हाडाच्या टोकाकडून आत सोडायचा. त्यामुळे भंगाजवळची कातडी आणि तेथे साठलेले रक्त यांना धक्का लागत नाही. दुसरी म्हणजे खिळा हाडाच्या मध्यातून जात असल्याने शरीराचा भार हाड आणि खिळा मिळून वाहतात. युद्धानंतर मायदेशी परतलेल्या अमेरिकी युद्धकैद्यांच्या मांड्यांत हे खिळे आढळले, तेव्हा बाहेरच्या जगाला या तंत्राचे आश्चर्य वाटले.

नडगीसाठी खिळ्याचे रूपांतर

मांडीचा खिळा नडगीत जसाच्या तसा चालत नाही. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातून सरळ रेषेत आत शिरता येते. नडगीच्या माथ्यावर गुडघ्याचा सांधा असल्याने खिळा गुडघ्याच्या वाटीखालून, पुढील बाजूने, तिरका आत घालावा लागतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील हेर्झोग यांनी खिळ्याच्या वरच्या भागास बाक दिला आणि ही अडचण दूर केली. त्याच सुमारास अमेरिकेत लॉटीस यांचा नडगीसाठीचा खिळा प्रचारात आला.

तरीही एक उणीव राहिली. नडगीची पोकळी मध्यभागी अरुंद आणि दोन्ही टोकांस रुंद असते. साधा खिळा अरुंद भागात घट्ट बसतो, परंतु भंग वर अथवा खाली असला, किंवा हाडाचे अनेक तुकडे झाले असले, तर पाय आखूड होतो अथवा फिरतो. यावर उपाय म्हणजे खिळ्याच्या दोन्ही टोकांस छिद्रे ठेवून हाडातून आडवे स्क्रू घालणे. क्युंट्शर यांनी १९६८ मध्ये या दिशेने पाऊल टाकले. १९७२ मध्ये फ्रँकफुर्टचे क्लेम व शेलमन आणि पुढे स्ट्रासबुर्गचे ग्रोस व केम्फ यांनी हा ‘इंटरलॉकिंग’ खिळा परिपूर्ण केला. १९९० मध्ये एडिंबरोच्या कोर्ट-ब्राउन आणि सहकाऱ्यांनी अशा खिळ्याने सांधलेल्या नडगीच्या १२५ भंगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतर नडगीच्या दांड्याच्या अस्थिर भंगासाठी हीच पद्धत प्रमाण मानली जाऊ लागली.

या वाटचालीत वादही झाले. खिळा घालण्यापूर्वी पोकळी कोरून रुंद करावी की नाही, या प्रश्नावर दीर्घकाळ मतभेद होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट’ या बहुकेंद्री चाचणीत १२२६ रुग्णांचा अभ्यास झाला. बंद भंगात पोकळी कोरणे लाभदायक ठरण्याची शक्यता तीत दिसली, उघड्या भंगात मात्र तसा फरक आढळला नाही. दुसरीकडे सार्मिएंटो यांनी १९६७ मध्ये गुडघा मोकळा ठेवून चालता येईल अशा प्लॅस्टरची पद्धत मांडली होती. प्रत्येक मोडलेल्या नडगीला खिळ्याची गरज नसते, याची आठवण ती आजही करून देते.

महाराष्ट्रात आणि वनप्रदेशात

भारतात ‘के-नेल’ हा शब्द अस्थिशल्यवैद्यांच्या बोलीत रुळला तो क्युंट्शर यांच्या आद्याक्षरावरून. नडगीसाठी ‘व्ही-नेल’ वापरला जाई. क्ष-किरण पडद्यावर हाड दाखविणारे ‘सी-आर्म’ यंत्र दुर्मिळ असल्याने भंगाची जागा उघडूनच खिळा घालावा लागे. म्हणजे क्युंट्शर यांचा खिळा आला, पण भंगापासून दूर राहण्याचे त्यांचे तत्त्व यंत्राअभावी मागे राहिले. इंटरलॉकिंग खिळा येथे रुजविण्यात मुंबईचे डॉ. डी. डी. तन्ना यांचा वाटा मोठा आहे. या विषयावरील त्यांचे पुस्तक शल्यवैद्यांत परिचित आहे. उघड्या व गुंतागुंतीच्या दुखापतींसाठी मुंबईच्याच डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली बाह्य स्थिरीकरणाची ‘जेस’ पद्धतही उल्लेखनीय होय. देशी बनावटीचे खिळे मिळू लागल्याने खर्च उतरला. सी-आर्मविना आडवे स्क्रू घालता यावेत म्हणून डॉ. लुईस झर्कल यांच्या ‘साइन’ या संस्थेने १९९९ पासून खास खिळा गरीब देशांत पुरविला. साधनांच्या अभावावर तंत्रानेच तोडगा काढता येतो, हे त्यावरून दिसते.

विदर्भात १९४७ मध्ये नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. पूर्व विदर्भातील अवघड अस्थिभंगांचा ओघ दीर्घकाळ नागपूरकडेच होता. ब्रह्मपुरीपासून नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. भामरागड, एटापल्लीकडच्या रुग्णाला ते अंतर कितीतरी पटीने अधिक पडते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वारंवार घडत आले आहेत. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचे काम सुरू केले, तेव्हा तेथे वीजही नव्हती. खिळा-शस्त्रक्रियेसाठी निर्जंतुक शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय, क्ष-किरण यंत्र आणि अखंड वीज यांची एकाच वेळी आवश्यकता असते. यांतील एक दुवा नसला तरी खिळा कपाटातच राहतो. या अर्थाने खिळा ही एक वस्तू नसून ती एक व्यवस्था आहे.

या प्रदेशाचा आणखी एक विशेष म्हणजे सिकलसेल आजार. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. पुढे नागपूरचे डॉ. सुधीर बाभुळकर आणि सहकाऱ्यांनी या आजाराच्या हाडांवरील परिणामांचा अभ्यास केला. या आजारात हाडाच्या मगजातील रक्तवाहिन्या तुंबतात, हाड ठिसूळ अथवा कठीण होते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. भूल देताना प्राणवायूची पातळी जपावी लागते आणि रक्तप्रवाह रोखणारा पट्टा बांधण्यापूर्वी विचार करावा लागतो. मगजाच्या पोकळीतच खिळा घालायचा असल्याने झाडीपट्टीतील शल्यवैद्याला शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणीचा हा प्रश्न टाळता येत नाही. परदेशी पाठ्यपुस्तकातील तंत्र येथे आणताना ही स्थानिक भर घालावीच लागते.

अंतर आणि खर्च या दोन्ही अडसरांवर उपाय योजण्याचा प्रयत्न शासनाने अलीकडच्या काळात केला आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत गडचिरोलीचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०१४ पासून ‘१०८’ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध झाली. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि गडचिरोलीच्या महाविद्यालयाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

उपचाराचा निकष कोणता?

हाड जुळले की उपचार यशस्वी झाला, असे क्ष-किरण चित्र सांगते. शेतमजुराचा निकष वेगळा असतो. रोवणीला तासन्‌तास वाकून उभे राहता येते काय, मोहफुले वेचताना उकिडवे बसता येते काय, हे त्याचे प्रश्न असतात. खिळा घातलेल्या रुग्णांपैकी अनेकांना गुडघ्याच्या पुढील भागात वेदना होतात. १९९७ च्या एका अभ्यासात अर्ध्याहून अधिक रुग्णांत त्या आढळल्या आणि गुडघे टेकताना त्या विशेष जाणवल्या. खुर्चीवर बसणाऱ्या समाजात ही किरकोळ तक्रार ठरते. जमिनीवर बसून जेवणाऱ्या आणि वाकून राबणाऱ्या समाजात तीच उपजीविकेची बाब बनते. दुसऱ्या बाजूने पाहता, प्लॅस्टरमध्ये कित्येक महिने अडकून पडलेल्या मजुराचा एक संपूर्ण धानाचा हंगाम बुडतो. खिळ्यामुळे तो लवकर उभा राहतो. निवड या दोन तोट्यांमधील असते आणि ती रुग्णाला समजावून सांगितली गेली पाहिजे.

समारोप

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. सुश्रुताचा कील आणि क्युंट्शरचा खिळा यांत नामसाम्याखेरीज संबंध नाही. पण मोडलेले हाड स्थिर ठेवावे आणि आधाराने अपाय होऊ देऊ नये, ही दोघांची चिंता एकच आहे. खिळा-शस्त्रक्रियेचा प्रसार खिळ्याच्या शोधाने झाला नाही. जंतुनाशक, क्ष-किरण, भूल, वीज, रस्ता आणि उपचाराचा खर्च उचलणारी योजना यांची साखळी जसजशी पुरी होत गेली, तसतसा तो झाला. हाडवैदाकडे जाणाऱ्या रुग्णाला अंधश्रद्ध ठरवून ही साखळी पुरी होत नाही. सुजलेल्या पायाला घट्ट बांधू नये आणि उघड्या जखमेवर लेप लावू नये, एवढे जरी हाडवैदापर्यंत पोहोचले आणि त्याच दिवशी रुग्ण रुग्णालयात आणला गेला, तरी अनेक पाय वाचतील. यांतील पहिली सूचना तर सुश्रुताचीच आहे. १९३९ ते आजपर्यंतच्या इतिहासाचे मोजमाप खिळ्याच्या सुधारणांत न करता, गावापासून शस्त्रक्रियागृहापर्यंतच्या तासांत करणे अधिक न्याय्य ठरेल. वैनगंगेच्या खोऱ्यात हे तास कमी होत आहेत, तथापि इंद्रावतीकडील गावांसाठी ते अजून पुरेसे कमी झालेले नाहीत.